इंग्रजीचा अभ्यासक्रम बदलताना पुस्तकाला शेवटी हात लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी एका संस्थेची मराठी माध्यमाची शाळा आहे, पहिली ते दहावी. शेजारी इंग्रजी शाळा निघाल्यापासून पट घसरतोय. म्हणून संस्थेने ठराव केला की येत्या जूनपासून सगळ्या वर्गांना इंग्रजी 'नव्या पद्धतीने' शिकवायचं. नुकत्याच मुख्याध्यापिका झालेल्या बाई विचारतात: जादा पुस्तकं कोणती लावू? प्रशिक्षण कुणाकडून घेऊ? पालकांना काय सांगू? आणि 'आमचं काय वाईट चाललंय?' म्हणणाऱ्या ज्येष्ठ शिक्षकांचं काय करू?

बाई, पुस्तकांचा प्रश्न आधी बाजूला ठेवतो. मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली काही वर्षं जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत विषय सहायक म्हणून काढली. पुस्तक बदलणं हे या कामातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात उठून दिसणारं काम, म्हणून जो तो तिथूनच सुरुवात करतो. नवं पुस्तक आलं की महिनाभरात त्याचं गाईड बाजारात येतं, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत वर्गात पुन्हा पहिलंच चित्र: बाई वाचतात, अर्थ सांगतात, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहितात, मुलं उतरवून घेतात.

त्यामुळे पहिलं काम मे महिन्यातच करा. पाचवी ते नववीच्या गेल्या वर्षीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिका कपाटातून काढा. लाल पेन घ्या आणि नुसत्या पाठांतरावर सुटेल अशा प्रत्येक प्रश्नावर खूण करा. धड्यातलंच वाक्य घेऊन केलेल्या रिकाम्या जागा, वहीत लिहून दिलेली उत्तरं, दरवर्षी फिरून येणारा 'माय फेवरेट फेस्टिव्हल'. हा उद्योग मी बऱ्याच शाळांमध्ये शिक्षकांना सोबत घेऊन केला आहे. अर्धी प्रश्नपत्रिका लाल झाली नाही अशी शाळा फारशी आठवत नाही. मग मुलांनी पाठ केलं तर त्यांचं काय चुकलं? त्यांनी प्रश्नपत्रिकेचं ऐकलं.

राज्याच्या पातळीवर हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. २०१८-१९ मध्ये दहावीला नवं पुस्तक आणि इंग्रजीला नेहमीच्या प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका होती. पाठांतर चालू नये, न वाचलेला उतारा समजावा, स्वतःचं मत लिहिता यावं हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच होता. पण त्याच वर्षी भाषा विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे तोंडी परीक्षा वगैरेचे, २० गुण बंद करून पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा ठेवली. मार्च २०१९चा राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. ओरड झाली, आणि पुढच्याच वर्षी २० गुण परत आले. बंद करणाऱ्यांचं म्हणणं होतं की शाळा हे गुण खैरातीसारखे वाटतात. परत मागणाऱ्यांचं म्हणणं, दुसऱ्या मंडळांची मुलं याच गुणांवर अकरावीच्या प्रवेशात पुढे जातात. दोन्ही बाजूंचं खरं होतं. पण या सगळ्या गदारोळात 'तोंडी परीक्षेत मूल खरोखर बोलतं का, आणि कुणी ते ऐकतं का?' हे विचारणारं माणूस मला भेटलं नाही. गुण द्यायचे की नाही यावर भांडण झालं, बोलणं राहिलंच.

तुम्ही तुमच्या शाळेत ते ऐका. फार वेळ लागत नाही. पंचेचाळीस मुलांचा वर्ग, प्रत्येकाला दोन मिनिटं, म्हणजे दीड तास. पस्तीस मिनिटांच्या तासिका धरल्या तर जेमतेम तीन. एका सत्रात तीन तासिका जात नाहीत असं म्हणणाऱ्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमींना किती तासिका जातात ते मोजून बघा. प्रश्नही साधेच ठेवा: सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय केलंस, या चित्रात काय दिसतं, तुला मला काय विचारायचंय. शेवटचा प्रश्न सगळ्यात कठीण जातो. आपल्या मुलांना उत्तर द्यायची सवय असते, विचारायची नसते. दहावीला पोचलेल्या मुलालाही 'व्हेअर डू यू लिव्ह' एवढं एक वाक्य स्वतः जुळवून विचारता येत नाही, आणि त्याच मुलाने 'चेंज द व्हॉइस'चे चारही गुण मिळवलेले असतात.

घटक चाचणीत एक बदल करा: निम्मे गुण न शिकवलेल्या मजकुरावर. एसटीचं वेळापत्रक, औषधाच्या बाटलीवरची सूचना, क्रिकेटच्या सामन्याची चार ओळींची बातमी. सगळ्यांचे गुण सुरुवातीला पडतील, त्याची तयारी ठेवा, आणि संस्थाचालकांना हे आधीच सांगून ठेवा. नंतर सांगितलंत तर ती सबब वाटते.

आता दुसरी गोष्ट: 'सगळ्या वर्गांना एकदम'. हे काहीही करून टाळा. क्रम मोडला की काय होतं, तेही मी पाहिलं आहे. गेल्या फेरीत राज्याची नवी पुस्तकं टप्प्याटप्प्याने आली. नववीचं २०१७ मध्ये आलं आणि आठवीचं २०१८ मध्ये. म्हणजे दोन वर्षं अशी गेली की मुलं जुन्या पद्धतीची आठवी शिकून नव्या पद्धतीच्या नववीत बसली. नववीचं पुस्तक त्यांच्याकडून जे गृहीत धरत होतं, ते त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. दहावीच्या पहिल्या कृतिपत्रिकेला बसलेली मुलं यातलीच. वरच्या पातळीवर असे निर्णय होण्यामागे छपाई, मंडळाची परीक्षा, काय काय कारणं असतात. तुमच्यावर तशी कोणतीच सक्ती नाही, मग ती चूक आपण होऊन कशाला करायची?

तुमच्या शाळेत मी पाचवीपासून सुरुवात करीन. पहिलीपासून का नाही, असं संस्थेत विचारतील. तुमच्याकडे पाचवीत आजूबाजूच्या जिल्हा परिषद शाळांमधून चौथी झालेली मुलं येत असणार. त्या एकाच वर्गात गोष्ट वाचून दाखवणारं मूलही असतं आणि 'बी' आणि 'डी' यांत गोंधळणारंही. शिक्षक मधल्याला धरून शिकवतात, आणि खालचं मूल त्या जूनमध्ये जे सुटतं ते दहावीपर्यंत सापडत नाही. म्हणून पहिले सहा आठवडे पुस्तक उघडूच नका. मुलांचे गट पाडून फक्त अक्षर आणि आवाज यांवर काम करा. आपल्या मुलांची इथे एक खास अडचण आहे, आणि तीच आपली ताकदही आहे. देवनागरीत जे लिहिलं तेच वाचायचं असतं. 'क'चं नावही क आणि आवाजही क. इंग्रजीतल्या 'सी'चं नाव सी, आवाज कधी क, कधी स. पहिलीपासून 'ए, बी, सी, डी' घोकलेलं मूल 'कॅट' हा शब्द अक्षरांची नावं जोडून 'सीएटी' असाच वाचतं, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. हे त्याला मराठीत नीट समजावून सांगायला पंधरा मिनिटं लागतात. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही असा नियम केलात तर ते समजावून सांगता येत नाही, आणि सहा महिने नुसत्या घोकण्यात जातात.

यावर माझं मत ठाम आहे: वर्गात मराठी बंद करू नका. 'आय स्कूल गो' असं मूल का म्हणतं? कारण 'मी शाळेत जातो' यात क्रियापद शेवटी आहे. दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली की मुलं स्वतःच बाण काढून दाखवतात. मात्र सूचना, शाबासकी, रागावणं, हजेरी, हे रोजचं बोलणं इंग्रजीत करा. 'खिडकी उघड' हे वर्षातून दोनशे वेळा इंग्रजीत ऐकलेलं मूल ते वाक्य कधी विसरत नाही.

पहिलीबद्दलही सांगतो, कारण तिथे आपण एकदा ठेच खाल्ली आहे. जून २०००पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तोवर ते पाचवीपासून होतं. मराठीचं काय होणार, यावर तेव्हा किती वाद झाले ते आठवणाऱ्यांना आठवत असतील. आमच्यासमोरचा प्रश्न साधा होता. प्रशिक्षणाला आलेल्या गुरुजींपैकी कित्येकांनी इंग्रजी शेवटचं हातात धरलं होतं ते स्वतःच्या बारावीच्या पेपरात. पन्नाशीतले एक गुरुजी 'स्टँड अप, सिट डाउन' करताना इतके लाजत होते की शेजारच्या बाई हसून हसून खाली बसल्या. पण दोन वर्षांनी त्यांच्या वर्गात गेलो तेव्हा पोरं टणाटण उड्या मारत 'जम्प, रन, स्टॉप' करत होती आणि गुरुजी त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होते. खेड्यातल्या पोरांची इंग्रजीची भीती गेली ती अशा गुरुजींमुळे, आणि ही त्या निर्णयाची मोठी कमाई आहे असं मी मानतो.

बिघडलं ते वेगळ्याच ठिकाणी. लहान वर्गांत आधी ऐकणं आणि बोलणं, लिहिणं सावकाश, अशी ती कल्पना होती. पण संध्याकाळी आई दप्तर उघडून विचारायची, 'आज इंग्रजीचं काय लिहिलं?' वही कोरी दिसली की दुसऱ्या दिवशी आई शाळेत. चार आया आल्या की बाई मुकाट्याने पहिलीच्या पोरांना चार रेघी वहीत 'ए' गिरवायला बसवायच्या. अभ्यासक्रम तिथेच संपला.

त्या आयांना दोष देऊ नका. त्यांना काहीतरी डोळ्यांना दिसायला हवं असतं, आणि वहीखेरीज त्यांना दिसतं काय? तेव्हा त्यांना दुसरं काहीतरी दाखवा. पालकसभा तासाभराची असेल तर पहिली वीस मिनिटं मुलांची ठेवा. भाषण किंवा नाच नको, पाठ केलेला 'माय सेल्फ'ही नको. बाईंनी पिशवीतून वस्तू काढायची आणि मुलांनी त्या वस्तूबद्दल एकमेकांना विचारायचं. आपलं पोर दुसऱ्याच्या पोराला इंग्रजीत प्रश्न विचारतंय हे एकदा पाहिलं की कोऱ्या वहीची तक्रार बरीच कमी होते. आणि शेजारच्या इंग्रजी शाळेची भीतीही. सगळ्यांची नाही, पण काहींची.

सेमी-इंग्रजीविषयी तुम्ही विचारलं नाही, पण संस्था विचारणारच. गणित-विज्ञान इंग्रजीतून केलं की इंग्रजी सुधारतं, हा समज फार पसरला आहे. बहुतेक वर्गांत शिक्षक मराठीतून समजावतात आणि मुलं इंग्रजीतून उतरवून घेतात. त्यातून संज्ञा पाठ होतात, वाक्य येत नाही. सेमी सुरू करायचं असेल तर त्याची कारणं वेगळी असू द्या. इंग्रजी सुधारण्याच्या कामात त्याची भेसळ नको.

आता प्रशिक्षण. बाहेरचा वक्ता बोलावून, हॉलमध्ये खुर्च्या मांडून, दुपारी जेवण देऊन केलेलं प्रशिक्षण मी स्वतः शेकड्याने दिलं आहे, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे. १९५०च्या दशकाच्या शेवटी मद्रास राज्यात प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या सुमारे २७,००० शिक्षकांना नव्या पद्धतीचं प्रशिक्षण द्यायची मोहीम निघाली. थोड्यांना शिकवायचं, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी आणखी पुढच्यांना. उतारावरून घरंगळताना बर्फाचा गोळा मोठा होत जातो, तशी ही कल्पना. नावही तेच पडलं, मद्रासचा स्नोबॉल. आपल्याकडे राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र (म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) असा उतार आहे. मी या उताराच्या तिसऱ्या पायरीवर उभा असायचो. माझा अनुभव असा की बर्फ खाली येईपर्यंत वितळतो. वर दहा दिवसांचं असलेलं खाली येताना चार दिवसांचं होतं, केंद्रावर दीड दिवसाचं, आणि त्यातला अर्धा दिवस हजेरीपत्रक, चहा आणि लिंक भरण्यात जातो. शेवटच्या शिक्षकाच्या हातात उरते ती छापील पुस्तिका.

टिकणारं दिसलं ते छोट्या गटांत. २०१६ नंतर राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या 'तेजस' प्रकल्पात जवळपासच्या शाळांतले शिक्षक ठरावीक काळाने एकत्र बसायचे, एखादी कृती करून बघायचे, वर्गात वापरायचे आणि पुढच्या बैठकीत काय झालं ते सांगायचे. वर्गात जाऊन आलेलं बोलणं वेगळंच असतं. 'माझ्याकडे नाही जमलं' हे वाक्य हॉलमधल्या प्रशिक्षणात कुणी उच्चारत नाही. या छोट्या गटांत ते पहिल्या पाच मिनिटांत येतं.

तुमच्याकडे इंग्रजी शिकवणारे किती जण असतील? सहा, सात? शनिवारी सकाळची शाळा सुटली की चाळीस मिनिटं बसा, पंधरा दिवसांतून एकदा. त्या पंधरवड्यात प्रत्येकाने दुसऱ्या कुणाची तरी एक तासिका मागच्या बाकावर बसून बघितलेली असावी. बघताना एकच गोष्ट टिपायची: किती मुलांनी तोंड उघडलं. शिक्षकाविषयी काहीही लिहायचं नाही. आणि बाई, हे टिपण गोपनीय अहवालात वापरणार नाही असा शब्द द्या आणि तो पाळा. एकदा जरी मोडलात तरी पुढच्या पंधरवड्यापासून सगळे वर्ग बोलके झाल्याची टिपणं येतील, आणि खरं काय ते तुम्हाला कधीच कळणार नाही. या बैठकीसाठी वेळापत्रकात जागा हवी. 'जमेल तेव्हा भेटा' म्हटलं की जमत नाही. निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराचा हिशेब, कुणाची तरी सेवानिवृत्ती, काही ना काही असतंच.

याच कारणाने वर्षाची आखणी करताना हात राखून करा. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास ठरवले आहेत. कागदावर तेवढे भरतात. वर्गात किती मिळतात ते तुम्ही जाणताच. मी पुढेपुढे फक्त चोवीस आठवड्यांची आखणी करायचो आणि बाकीचे आठवडे देवाच्या नावाने सोडायचो. कधी उरले तर मुलांना गोष्टी वाचून दाखवायचो.

ज्येष्ठ शिक्षकांकडे येतो. एका शाळेत असेच एक सर होते. व्याकरणाचे पक्के, अक्षर मोत्यासारखं, तीस वर्षांच्या टाचणवह्या कपाटात ओळीने लावलेल्या. नव्या पद्धतीच्या बैठकीत ते हाताची घडी घालून बसायचे. तिथल्या मुख्याध्यापकांनी त्यांना बाजूला सारून दोन तरुण शिक्षकांना 'समन्वयक' केलं. सरांनी उघड विरोध केला नाही. त्यांनी फक्त पालकांना एवढंच विचारायला सुरुवात केली, 'बोलतो छान, पण स्पेलिंग येतं का?' दिवाळीपर्यंत सगळा प्रयोग गुंडाळला. खरं तर सरांची शंका अगदी रास्त होती. तरुण शिक्षक खेळ घ्यायचे, मुलं हसायची, पण वहीतल्या चुका कुणी तपासत नव्हतं.

पुढे दुसऱ्या एका शाळेत मी अशाच एका बाईंना न शिकवलेल्या मजकुरावरचे प्रश्न काढायचं काम दिलं. पाठांतरावर सुटणार नाही असा प्रश्न काढायला भाषा पक्की लागते. तरुणांना ते जमत नव्हतं, बाईंना जमलं. मुलांच्या चुकांची वहीही त्यांनीच घातली. मराठीमुळे होणाऱ्या चुका एका बाजूला, नुसत्या निष्काळजीपणाच्या दुसऱ्या. विरोध संपला असं म्हणणार नाही. खेळ त्या अजूनही घेत नाहीत. पण त्यांच्या प्रश्नपत्रिकेमुळे बाकीच्यांना घ्यावे लागतात.

वरून येणाऱ्या बदलांचं काय? २०२५-२६ पासून पहिलीपासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने यायला लागला आहे. पहिलीपासून तिसरी भाषा (हिंदी) आणण्याचा गोंधळ तर आठवतच असेल: १६ एप्रिल २०२५ला शासन निर्णय, जूनमध्ये त्याची दुरुस्ती, आणि शाळा सुरू झाल्यावर २९ जूनला दोन्ही रद्द. त्या अडीच महिन्यांत किती शाळांनी वेळापत्रकं तीनदा खोडली असतील! हे पुन्हा होईल. म्हणून तुमची योजना धड्यांच्या क्रमांकांवर बेतू नका. 'पाचवीच्या शेवटी मूल अनोळखी चार ओळी वाचून त्यांवर एक प्रश्न विचारू शकेल', 'सातवीच्या शेवटी स्वतःच्या गावाबद्दल दहा वाक्यं न अडखळता सांगू शकेल', अशी प्रत्येक इयत्तेला तीन-चार वाक्यं शिक्षकांनीच बसून मराठीत लिहा. पुस्तक बदललं तरी ही वाक्यं बदलावी लागत नाहीत. आणि जादा पुस्तकं लावायची वेळ येईल तेव्हा ही वाक्यं हातात धरून पुस्तक चाळा. निम्मी पुस्तकं दुकानातच परत ठेवाल.

संस्थेला तीन वर्षांचा वेळ मागा. पहिल्या वर्षी पाचवी, दुसऱ्या वर्षी सहावी आणि पहिली, मग पुढे. दहावीच्या सध्याच्या मुलांना हात लावू नका. त्यांना त्यांची परीक्षा देऊ द्या. तीन वर्षं मिळणार नाहीत, दोनच मिळतील, तरी मागा तीनच.

आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाचवीतल्या कोणत्याही दहा मुलांचं एकेक मिनिटाचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. पालकांची परवानगी घेऊन, नावाऐवजी हजेरी क्रमांक घालून. कुणाला ऐकवू नका. मार्चमध्ये त्याच दहा मुलांचं पुन्हा घ्या, आणि शनिवारच्या बैठकीत दोन्ही एकापाठोपाठ लावा. काही मुलं जूनमध्ये होती तिथेच असतील. त्यांचे क्रमांक लिहून घ्या; पुढच्या जूनची सुरुवात त्यांच्यापासून करायची आहे.